पाणी कुणी मारलं? इथेनॉलच्या पेट्रोलची जुनी गोष्ट

आजचा एपिसोड एका बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीपासून सुरू होतो.

२०२५ चा पावसाळा. बाबांची जुनी कार्बोरेटरवाली बाईक सांगलीच्या घरी अंगणात चार महिने उभी होती. मी पुण्यात, बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे तिला कुणी हातच लावला नाही. वरचं कव्हर फाटलेलं. गणपतीनंतर घरी गेलो, किका मारून मारून पाय दुखले, गाडी काही सुरू होईना. शेवटी ढकलत गॅरेजला नेली. मिस्त्रींनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि बाटली उन्हात धरली. वर पिवळसर पेट्रोल, खाली चांगला दोन बोटं गढूळ थर.

"पंपवाल्यानं पाणी मारलंय बघ," मिस्त्री म्हणाले. बाबांनीही लगेच मान डोलावली.

मलाही तेच वाटलं होतं. पण टाकीचं झाकण उघडून बघितलं तर आतलं रबर कडक होऊन चिरलेलं. म्हणजे पाणी पावसाचं. मग प्रश्न असा की एवढ्याशा फटीतून एवढं पाणी कसं गेलं? उत्तर असं की एवढं पाणी गेलंच नव्हतं. तो खालचा थर नुसत्या पाण्याचा नव्हताच. या एका गोष्टीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

इथेनॉल म्हणजे साधं अल्कोहोल. ते पेट्रोलमध्येही विरघळतं आणि पाण्यातही, पण त्याचा खरा जीव पाण्यावर. पेट्रोलमध्ये थोडं पाणी आलं तर इथेनॉल ते सामावून घेतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण १५ अंशांना अर्धा टक्का पाणी पचवतं, म्हणजे लिटरमागे चहाचा एक चमचा. त्यापुढे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणून चार चमचे पाणी गेलं तरी थर दिसतो पेलाभर. आता सांगा, बाटली बघून पंपवाल्यावर संशय येणारच ना?

हे भांडण आपल्या आधीच्या लोकांनाही माहीत होतं. मळी आंबवून, उकळून अल्कोहोल काढता येतं, पण साध्या भट्टीत ते वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अडकतं. उरलेलं ४.४ टक्के पाणी कितीही उकळा, अल्कोहोलबरोबरच वाफ होऊन येतं. असलं ओलं स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलं तर थोड्या थंडीतही थर वेगळे होतात. १९०२ मध्ये सिडनी यंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यात बेंझिन घालून पुन्हा उकळायची युक्ती काढली. बेंझिन पाण्याला ओढून बाहेर नेतं आणि मागे कोरडं अल्कोहोल उरतं. इंजिनाच्या इतिहासात या माणसाचं नाव कुणी घेत नाही, पण माझ्या मते अल्कोहोल-पेट्रोलची खरी सुरुवात इथे आहे. आज हेच काम बेंझिनऐवजी पाणी शोषणाऱ्या दाणेदार चाळण्या करतात.

ब्राझीलने १९३१ मध्येच आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल मिसळायचा हुकूम काढला, कारण ऊस भरपूर आणि तेल विकतचं. १९७५ मध्ये तेलाच्या भावाने कंबर मोडल्यावर त्यांनी मोठा सरकारी कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आली. गंमत म्हणजे त्या गाडीला ओलं अल्कोहोल चालायचं! एकटं असलं तर पाण्याचा त्रास नाही. त्रास फक्त पेट्रोलबरोबर संसार करताना.

आणि भारत? आपल्याला वाटतं हे सगळं गेल्या दहा वर्षांतलं. पण आपल्याकडे १९४८ मध्येच इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट आला होता. त्यात पॉवर अल्कोहोलची व्याख्याच अशी की किमान ९९.५ टक्के इथेनॉल हवं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला पहिल्या पानावर पाण्याचीच काळजी होती. मी कोड लिहितो, त्यामुळे अशी इनपुट तपासणी बघून मला फार बरं वाटलं. पुढे तो कायदा धूळ खात पडला आणि २००० मध्ये रद्द झाला.

रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, इथेनॉल मिसळायचे तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, एक मनमाडला आणि एक आमच्या मिरजेला! सांगलीहून मिरज म्हणजे शहर बसचं अंतर. मी तेव्हा बालवाडीत असेन. जागा अशाच का, तर आसपास साखर कारखाने आणि तेल कंपन्यांचे डेपो. इथेनॉल डेपोत टँकरने येतं आणि तिथेच पेट्रोलमध्ये मिसळतात. रिफायनरीत मिसळून लांबच्या पाइपलाइनने सहसा पाठवत नाहीत, कारण पाइपात कुठेतरी पाणी असतंच. म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत दोघांना वेगळं ठेवायचं, हा या धंद्याचा जुना नियम.

२००३ पासून महाराष्ट्र, गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण ठरलं. कागदावर. २०१३-१४ मध्येही देशाचा आकडा दीड टक्क्याच्या आसपास होता. मग वेग आला: जून २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के. मूळ ठरलं होतं २०३० साल. ऊसवाल्यांना मळीचा, रसाचा पैसा मिळाला आणि तेलाची आयात थोडी कमी झाली. आमच्या भागात राहून याला वाईट म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं मला वाटतही नाही.

मला खुपतं ते वेगळंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं की जुन्या गाड्यांसाठी १० टक्केवालं पेट्रोल संरक्षक इंधन म्हणून मिळत राहावं. इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज २० टक्क्यांवर ३ ते ४ टक्के घटेल आणि तशा चारचाकींचं ६ ते ७ टक्के, हेही तिथेच आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के हे नेहमीचं पेट्रोल केलं, पण ५ टक्केवालं महाग सुपर पेट्रोल पंपावर ठेवलं, कारण काही जुन्या गाड्यांना १० टक्केवालं चालत नाही. आपल्याकडे इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. बाबांच्या बाईकसाठी आमच्या पंपावर एकच नोझल आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेही पूर्ण खरं नाही. बंद टाकीत इथेनॉल हवेतून पाणी ओढतं, पण फार हळू. घात करतं ते चिरलेलं झाकण आणि अर्धी रिकामी टाकी. २० टक्केवालं पेट्रोल १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पचवतं, हेही कुणी सांगत नाही. फक्त एकदा फुटलं की तळाचा थर मोठा होतो, आणि बाईकचा रिझर्व्ह नेमका तळातूनच ओढतो. शुद्ध पेट्रोल तरी कुठे अमर असतं? काही महिन्यांत त्यातला हलका भाग उडतो, चिकट राळ तयार होते आणि कार्बोरेटरचा जेट बुजतो. फरक इतकाच की त्यात शिरलेलं पाणी एकटंच खाली बसतं, पेट्रोलचा पाचवा हिस्सा सोबत नेत नाही.

मिस्त्रींना मी एक प्रयोग दाखवला. पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, एका बाटलीत पाव लिटर घेतलं, त्यात मोजून चार चमचे पाणी टाकलं आणि हलवून ठेवलं. दहा मिनिटांत खालचा थर चार चमच्यांच्या तिप्पट दिसायला लागला. ते बराच वेळ बाटली फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस पंपवाल्याला उगाच शिव्या घालत होतो होय?" आणि झाकणाच्या नव्या रबराचे पैसे घेतले, टाकी धुतल्याचे घेतले नाहीत.

गाडी महिनाभराहून जास्त उभी करणार असाल तर आधी झाकणाचं रबर बघा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाका. हे बाबांना फोनवर समजावायला मला वीस मिनिटं लागली. पुढच्या भागात मळीवर बोलू, तोवर तुमच्या टाकीत काय सापडलं ते कळवा.