चिंताविकारावरील औषधोपचाराचा निर्णय

चिंताविकारावरील औषधोपचाराचा निर्णय म्हणजे चिंताविकाराचे निदान झालेल्या व्यक्तीने औषध घ्यावे की नाही, कोणते घ्यावे, किती काळ घ्यावे आणि केव्हा थांबवावे हे डॉक्टरांसह ठरविण्याची प्रक्रिया होय. चिंताविकारावर औषधे आणि मानसचिकित्सा (संवाद व सराव यांवर आधारित उपचार) हे दोन प्रमुख मार्ग असून दोहोंची परिणामकारकता सिद्ध झालेली आहे. त्यामुळे निवड आजाराची तीव्रता, रुग्णाची पसंती, इतर आजार आणि उपचारांची स्थानिक उपलब्धता यांवर अवलंबून राहते. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात यांपैकी शेवटचा घटक विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

परीक्षा, कर्ज, पिकाचे नुकसान किंवा घरातील आजारपण यांमुळे वाटणारी काळजी स्वाभाविक असते. ही काळजी प्रसंगाच्या मानाने अवाजवी झाली, दीर्घकाळ टिकली आणि झोप, काम, शिक्षण किंवा नातेसंबंध यांत अडथळा आणू लागली, तर तिला चिंताविकार म्हटले जाते. सार्वत्रिक चिंताविकार, अचानक तीव्र भीतीचे झटके येणारा पॅनिक विकार, सामाजिक भयविकार आणि विशिष्ट वस्तू वा प्रसंगांची भीती हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. सार्वत्रिक चिंताविकाराच्या निदानासाठी लक्षणे साधारणतः सहा महिने असावी लागतात.

अनेक रुग्ण मानसिक तक्रार घेऊन येत नाहीत. छातीत धडधड, श्वास अपुरा पडणे, हातपाय थरथरणे, पोटात गोळा येणे अशा शारीरिक तक्रारींसाठी ते प्रथम कौटुंबिक डॉक्टरांकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडे जातात. अहिराणी भाषक रुग्ण हीच अवस्था ‘जीव घाबरस’ अशा शब्दांत सांगतो. पूर्व जळगावातील लेवा गणबोली तसेच सातपुड्याच्या पायथ्याशी बोलल्या जाणाऱ्या आदिवासी बोलींतील रुग्णांच्या बाबतीत तक्रारीचा नेमका अर्थ समजून घेणे हा निदानाचाच भाग असतो.

थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दम्याची काही औषधे, चहा-कॉफीचे अतिसेवन आणि मद्य सोडतानाचा काळ यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी ही कारणे तपासली जातात.

औषधांचे प्रकार

चिंताविकारावर वापरली जाणारी सर्व औषधे एकाच प्रकारची नसतात. त्यांतील फरक लक्षात न घेतल्याने निर्णय चुकण्याचा संभव असतो.

एसएसआरआय गट: एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही या गटातील औषधे आहेत. ती मूळची नैराश्यावरील असली तरी चिंताविकारातही प्रथम पसंतीची मानली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास साधारणतः २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल आणि कधीकधी वाढलेली अस्वस्थता जाणवते. लैंगिक इच्छा वा क्षमता कमी होणे हा अधिक काळ राहू शकणारा दुष्परिणाम आहे. संकोचामुळे रुग्ण तो सांगत नाहीत आणि औषध परस्पर बंद करतात. व्हेनलाफॅक्सिन व ड्युलोक्सेटिन ही एसएनआरआय गटातील औषधेही याच पद्धतीने वापरली जातात.

बेंझोडायझेपिन गट: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम आणि डायझेपाम ही औषधे अल्पावधीत आराम देतात. या गटातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६०मध्ये, तर डायझेपाम १९६३मध्ये बाजारात आले. काही आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर या औषधांची सवय लागू शकते, त्याच मात्रेचा परिणाम कमी होतो आणि ती एकदम थांबविल्यास तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित फेफरे येऊ शकते. मद्य किंवा अफूजन्य वेदनाशामकांसह घेतल्यास श्वसन मंदावून जीवास धोका संभवतो. वृद्धांमध्ये तोल जाणे व विस्मरण वाढते. म्हणून ती अल्पकाळापुरती दिली जातात.

इतर औषधे: बस्पिरोन हे सार्वत्रिक चिंताविकारात वापरले जाते. प्रोप्रॅनोलॉल हे भाषण किंवा मुलाखतीसारख्या प्रसंगी धडधड व थरथर कमी करते. दमा असलेल्यांना ते वर्ज्य असते.

निर्णयाचे निकष

ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वत्रिक चिंताविकारात पायरीपायरीने उपचार केले जातात. आरंभी आजाराविषयी माहिती व स्वयंसाहाय्य, त्याने भागले नाही तर मानसचिकित्सा किंवा औषध, असा हा क्रम आहे. या टप्प्यावर दोहोंपैकी एकाला श्रेष्ठ न मानता रुग्णाच्या पसंतीला महत्त्व दिले जाते.

पुढील परिस्थितीत औषधाकडे कल अधिक असतो: लक्षणांमुळे शिक्षण किंवा रोजगार थांबला असणे, सोबत नैराश्य असणे, मानसचिकित्सेने पुरेसा फरक न पडणे किंवा ती आवाक्यात नसणे. लक्षणे सौम्य व अलीकडची असल्यास, तसेच प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ उपलब्ध असल्यास प्रथम कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी (सीबीटी) घेता येते. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठीतून रुजविली. ती सीबीटीच्याच कुळातील आहे.

२००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वयोगटातील ४८८ मुलांची पाहणी करण्यात आली. सर्ट्रालिन व सीबीटी एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ८१ टक्के, केवळ सीबीटी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के, केवळ सर्ट्रालिन घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के आणि औषधी गुण नसलेली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी २४ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा आढळली. यावरून दोन्ही मार्ग स्वतंत्रपणे उपयुक्त असून एकत्रितपणे अधिक गुणकारी असल्याचे दिसते. औषधाविना बरे वाटणाऱ्यांचे प्रमाणही नगण्य नाही.

काही गटांत अधिक दक्षता घेतली जाते. २५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये एसएसआरआय सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावे लागते. गर्भवती स्त्रियांनी औषध एकदम बंद न करता डॉक्टरांशी फायदे-तोटे पडताळून पाहावे लागतात. वेदनाशामके, रक्त पातळ करणारी औषधे किंवा आयुर्वेदिक काढे चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

मुदत आणि आढावा

औषध सुरू करण्याचा निर्णय कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीचा प्रयोग मानला जातो. कोणते लक्षण कमी व्हावे अशी अपेक्षा आहे, पहिला आढावा केव्हा घ्यायचा, दुष्परिणाम झाल्यास कोणाला कळवायचे आणि किती काळाने थांबण्याचा विचार करायचा, हे आरंभीच ठरविणे हितावह असते. बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारणतः ६ ते १२ महिने चालू ठेवले जाते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, औषधाने सुधारलेल्यांपैकी ज्यांचे औषध बंद करून प्लासिबो देण्यात आला त्यांच्यापैकी सुमारे ३६ टक्के, तर औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्णांना आजार उलटला. औषध थांबविताना मात्रा हळूहळू कमी करतात. एसएसआरआय एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड व अंगात विजेसारखे झटके जाणवू शकतात. मात्र या गटातील औषधांची व्यसनासारखी ओढ लागत नाही.

खानदेशातील परिस्थिती

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात चिंता, नैराश्य यांसारख्या सामान्य मानसिक विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. महाराष्ट्र शासनाची ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये खानदेशाबाहेर आहेत. तथापि चिंताविकारासाठी मनोरुग्णालयात दाखल होण्याची गरज सहसा नसते. बाह्यरुग्ण विभागातील उपचार पुरेसे असतात. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील प्रमुख शासकीय केंद्रे आहेत.

शिरपूर, साक्री, चोपडा किंवा रावेर तालुक्यांतील गावाहून दर आठवड्याला मानसचिकित्सेसाठी शहरात येणे म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. त्यामुळे औषध हा अनेकदा पसंतीपेक्षा सोयीचा पर्याय ठरतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनीवरून समुपदेशन मिळते.

गोळ्यांचा गैरवापर हा याच परिसरातील दुसरा प्रश्न आहे. धुळ्याच्या शेजारील मालेगाव भागात अल्प्राझोलामच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी विकल्या जातात. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवावी लागते. जुन्या चिठ्ठीवर किंवा नातेवाइकाच्या गोळ्यांतून घेतलेले औषध हा उपचार ठरत नाही. या गैरवापरामुळे ‘मनाची गोळी म्हणजे नशेची गोळी’ असा समज होऊन एसएसआरआयसारखी औषधेही नाकारली जाण्याचा संभव असतो.

कायदेशीर हक्क

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८पासून अमलात आला. त्यानुसार रुग्णाला आपला आजार, प्रस्तावित उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम यांची समजेल अशा भाषेत माहिती मिळविण्याचा, तसेच गोपनीयतेचा हक्क आहे. निर्णयक्षम प्रौढ व्यक्तीच्या संमतीनेच उपचार केले जातात. त्यामुळे घरच्यांचा आग्रह किंवा विरोध हा सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो. औषध घेण्याचा वा नाकारण्याचा अंतिम निर्णय रुग्णाचा असतो.

हे सुद्धा पहा

नैराश्य
पॅनिक विकार
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७
खानदेश