टाकी घराची, आत उतरणार कोण?

वाशिम जिल्ह्यातील सायखेड्याच्या एका महिलेने मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधले. दशकभरापूर्वी ही बातमी राज्यभर गाजली. तत्कालीन ग्रामविकासमंत्री पंकजा मुंडे यांनी त्यांचा सत्कारही केला. त्या ताईंच्या जिद्दीला आमचा सलाम! पण शौचालय बांधण्याच्या या सगळ्या गौरवात एक प्रश्न मागेच राहतो. टाकी भरल्यावर ती उपसणार कोण?

या प्रश्नाला इतिहास आहे. इंग्लंडमधील एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५-९६ च्या सुमारास बांधलेल्या टाकीमुळे 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झाले. लगेच १८९७ मध्ये मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात, अशाच टाकीत तयार होणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला. बंद टाकीत मैला कुजतो, त्यातून पेट घेणारा मिथेन निघतो आणि श्वास बंद पाडणारा हायड्रोजन सल्फाइडही निघतो. म्हणजे टाकीत वायू असतो हे या देशाला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. त्या वायूवर दिवा लावण्याची अक्कल होती, मग त्याच वायूत माणूस न उतरवण्याची का नव्हती? कारण उतरणारा माणूस जातीने आधीच ठरलेला होता.

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले. सफाईकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीवादाची १९४५ च्या ग्रंथात त्यांनी चिरफाड केली. घाणीचे काम जन्माने लादायचे आणि वर त्याचे गोडवे गायचे, ही फसवणूक त्यांनी उघडी पाडली.

१९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. १९९३ च्या कायद्याने कोरड्या संडासांवर बंदी आणली. डोक्यावरची पाटी कागदावर तरी उतरली, पण माणूस टाकीत उतरतच राहिला. २०१३ च्या कायद्याने हेही गुन्ह्यात आणले. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास कलम ७ ने मनाई केली. ही मनाई प्रत्येक व्यक्तीला आहे, म्हणजे घरमालकालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तरी काय झाले? डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात एकाच टाकीने पाच मजूर गिळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण भरपाई मेल्यानंतर मिळते. आमची मागणी माणूस जिवंत राहण्याची आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: टाकीची देखभाल हा घराचा खासगी मामला नाही, तो जातिअंताचा प्रश्न आहे. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या नव्या लेआउटमध्ये आज आपले शिकलेले, नोकरदार बांधवही घरे बांधत आहेत. 'एकदाच मोठी टाकी बांधू, जन्मभर बघायला नको' हा विचार आपल्या घरात शिरता कामा नये. वर्षानुवर्षे न उपसलेल्या टाकीत मैला घट्ट बसतो, गाडीचा पाइप तो ओढू शकत नाही. मग कोणाला तरी दारू पाजून, चार पैसे देऊन आत उतरवले जाते.

घरमालकाने दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवावी. टाकीवर फरशी घालून झाकण बुजवू नये, वायू जाण्याचा पाइप उंच ठेवावा. गाडीचा पाइप पोहोचेल अशाच जागी टाकी बांधावी. घर घेताना आपण सातबारा, नमुना आठ बारकाईने पाहतो. तसेच टाकी कुठे आहे, शेवटची कधी उपसली, सांडपाणी शोषखड्ड्यात जाते की उघड्या नालीत, विहीर किती लांब आहे, हेही विचारावे. विकणाऱ्याने टाकी उपसून, त्याची पावती खरेदीदाराच्या हाती द्यावी. गावात जागा असेल तर दोन खड्ड्यांचे शौचालय बांधावे. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दोन वर्षांत कोरडे खत होते. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खड्डे ऐसपैस हवेत.

कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला लेखी विचारावे: उपसा गाडी आहे का, तिचा दर काय, उपसलेला मैला कुठे रिकामा होतो? कोठे माणूस टाकीत उतरवला जात असेल तर तिथेच थांबवावे, १४४२० वर फोन करावा, पोलिसांत तक्रार द्यावी.

संडास बांधल्याचे फोटो पुष्कळ निघाले. आता त्या टाकीत एकही माणूस उतरणार नाही, याची हमी प्रत्येक घराने द्यायची आहे. सुरुवात आपल्या घरापासून करू.

जय भीम!