मंग का झालं गा?

मराठी कादंबरीचा इतिहास सांगणारे लोक पुण्या-मुंबईपासून सुरुवात करतात. ते ठीकच आहे, छापखाने तिकडंच होते. पण पुस्तक जिथं छापलं जातं तिथला जसा इतिहास असतो, तसा ते जिथं वाचलं जातं तिथलाही असतो. मी दहावीपर्यंत शिकलेला धानाचा शेतकरी. गाव प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव. जिल्हा आधी भंडारा होता, १ मे १९९९ पासून गोंदिया. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, भोवती जंगल, खाली बांध्या. अशा गावात अद्भुताच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्या कशा पोचल्या आणि त्यांनी आमचं काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे.

या गोष्टींना शहाण्या लोकांनी कधी मान दिला नाही, हे फार जुनं आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता अशी कथा आहे. त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती हलक्या भाषेतली म्हणून परत पाठवली. गुणाढ्य रानात गेला, आग पेटवली, एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं असं सुरू केलं. हरणं, डुकरं चरणं सोडून ऐकत बसली. राजाच्या ताटातलं मांस सुकं येऊ लागलं तेव्हा राजानं चौकशी केली आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेल्या लाखातून पुढं काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर रचला. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. आम्हां रानातल्या लोकांना ही कथा आवडते. दरबारानं नाकारलेली गोष्ट आधी रानानं ऐकली.

छापील मराठीतही तसंच झालं. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. ती विधवांच्या दुःखाची, खऱ्या जगातली. पण चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचक अद्भुताकडं वळला. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. मग आला रेनॉल्ड्स. हा इंग्रज लेखक १८१४ ते १८७९ या काळातला. लंडनची रहस्यं तो आठवड्याला एक पेनी किमतीच्या भागांतून कामगारांना विकायचा. तिकडचे टीकाकार त्याला नाकं मुरडायचे, पण हिंदुस्थानात तो घरोघर गेला. गो. ना. दातारांनी त्याच्या कथांना आपल्याकडचा वेष चढवला. ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ ही त्यांची पुस्तकं जुन्या वाचकांना आठवत असतील. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. हा माणूस शिकारीला गेला असताना सिंहगडावरून पडला, कमरेखालचं शरीर गेलं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या वाचता वाचता लेखक झाला.

आमच्याकडं मात्र आणखी एक वाट होती, हिंदीची. बालाघाट आणि छत्तीसगड आम्हांला पुण्यापेक्षा किती तरी जवळ. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ ची. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असं सांगतात. खत्री हे काशीजवळच्या चकिया-नौगढच्या जंगलाचे ठेकेदार होते. ठेक्याच्या कामानं रानात हिंडताना पडके किल्ले, गुहा पाहिल्या आणि त्यातून त्यांचे तिलिस्म आणि ऐयार जन्मले. हे मला कळलं तेव्हा मी आमच्या गडाकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं. तेंदूपत्त्याच्या आणि लाकडाच्या ठेकेदारांचा हिशेब आमच्याकडं पुष्कळ लोकांनी लिहिला, कादंबरी कुणाच्या हातून झाली नाही.

महाशिवरात्रीला आमच्या गावी मोठी यात्रा भरते. महादेवाचे भक्त आणि दर्ग्यावर जाणारे एकाच गर्दीत असतात. माझ्या लहानपणी त्या यात्रेत ताडपत्रीवर पुस्तकं मांडून बसणारे येत. सिंहासन बत्तिशी, वेताळ पंचविशी, हिंदीतला किस्सा तोता मैना. दुसरी पुस्तकं छोट्या रेल्वेनं आली. गोंदियाहून अर्जुनी, वडसा करत चांदा फोर्टकडं जाणारी ती नॅरोगेज गाडी. नागपूरला कामाला गेलेली पोरं सुट्टीत घरी येत, त्यांच्या पिशवीत बाबुराव अर्नाळकर असत.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, ही नावं एके काळी मराठी मुलखात मंत्र्यांपेक्षा जास्त लोकांना ठाऊक होती. पुस्तक लहान, वाक्य तोकडं, किंमत परवडणारी. नुकतं वाचायला शिकलेल्याला यापेक्षा चांगला गुरुजी मिळाला नसता. पाठ्यपुस्तक वाचताना अडखळणारी पोरं काळापहाड धडाधड वाचत, कारण थांबलं तर जीव राहत नव्हता.

आमच्याकडं एकजण वाचायचा आणि दहा ऐकायचे. दिवाळीनंतर धान कापून खळ्यावर पुंजणे लागले की राखणीला रात्र जागावी लागे. शेकोटी, कंदील, आणि मी सातवी-आठवीतला पोरगा पुस्तक धरून. आमचा सालदार निरक्षर, कागदावर अंगठा लावणारा. पान उलटायला क्षणभर वेळ झाला की तो म्हणे, “मंग का झालं गा? वाच ना!” ऐकून ऐकून त्याचा कान इतका तयार झाला, की गुन्हेगार कोण ते तो शेवटच्या आधीच सांगायचा. “सारे त्या नोकराले धरून रायले, म्हंजे नोकर नोय.” बहुतेक वेळा बरोबर निघे.

या ऐकण्याचं मोल मला एका रोवणीच्या हंगामात कळलं. शेजारच्या टोल्यावर एका घरचे दोन बैल एकाच संध्याकाळी मेले. जवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेनं करणी केली असं कुणी तरी बोललं आणि तासाभरात तिच्या दारापुढं माणसं जमली. आमच्या भागात अशा गर्दीचा शेवट कसा होतो हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हीही गेलो होतो. आमचा सालदार पुढं झाला आणि त्यानं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. बैल किती वाजता पडले? पाणी कुठं प्याले? गोठ्यातली गाय कशी वाचली? गाय चरायला गेली होती. बैल टाक्यातलं पाणी प्याले होते. त्या टाक्यात दुपारी काय केलं? घरातला पोरगा दबकत म्हणाला, युरियाचे रिकामे पोते धुतले. गर्दी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. काहीजण पुढंही त्या बाईच्या घरावरून जाताना रस्ता बदलत. पण त्या रात्री तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

परत येताना मी त्याला विचारलं, तुला हे सुचलं कसं. तो म्हणाला, “झुंजारनं का केलं असतं, तेच केलं जी.”

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. भुताखेतांची पुस्तकंही आम्ही तेवढ्याच आवडीनं वाचली. नारायण धारपांचे समर्थ आले की अंगावर काटा यायचा, आणि धारपांच्या कथेत अघोरी शक्ती खरी असते. मग अशा वाचनानं अंधश्रद्धा वाढली नाही का? मला जे दिसलं ते असं. पुस्तकातली भीती पुठ्ठा मिटला की संपते. गावातली भीती संपत नाही, ती एखाद्या बाईचं नाव शोधत फिरते. जो माणूस मुद्दाम घाबरायला बसतो आणि नंतर हसत घरी जातो, त्याला भीती कशी रचतात हे थोडं तरी कळतं. माझं म्हणणं एवढंच. बाकी पुस्तकानं सगळं होत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा लागतोच. पण कायदा येईपर्यंत रात्री-अपरात्री गर्दीपुढं उभं राहून प्रश्न विचारणारा माणूसही लागतो.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, त्यानंतर खेड्यापाड्यांत वाचनालयं वाढली. पण अनेक ठिकाणी ही पुस्तकं कपाटात ठेवण्याच्या लायकीची मानली गेली नाहीत. पोरं बिघडतील, म्हणत. जी घरोघर होती ती हातोहात फाटली, उरलेली रद्दीत गेली. थोरांचे ग्रंथ जपून ठेवले म्हणून टिकले, ही वाचून वाचून संपली. आपल्या माळ्यावर एखादं निघालं तर किलोच्या भावानं देऊ नका. आत कुणाची सही असेल, कोणत्या गावचा शिक्का असेल, तोही वाचनाचा इतिहासच आहे.

माझ्याकडं तीन उरली आहेत. त्यातल्या एकाची शेवटची पानं नाहीत. नातू मोबाईलवर जादूगारांच्या शाळेचे सिनेमे पाहतो, तरी हे पुस्तक त्यानं एका दुपारी वाचून काढलं आणि चिडून माझ्याकडं आला. सालदारानं खळ्यावर सांगितलेला शेवट मला पाठ आहे. तोच सांगितला.