गुहेतल्या दगडात लिहिलेला पाऊस: शेकडो वर्षांपूर्वीचे दुष्काळ शास्त्रज्ञांना कसे कळतात?

इ.स. १३९६ मध्ये दख्खनमध्ये एक दुष्काळ सुरू झाला. लोकांनी त्याला 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हटलं आणि तो तब्बल बारा वर्षं टिकला, असं परंपरा सांगते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची नोंद केली आहे. मुलूखच्या मुलूख ओस पडले आणि गोदावरी-कृष्णेमधल्या प्रदेशातून पुढची तीस वर्षं नाममात्र महसूल मिळत होता, असं तो लिहितो.

पण खरंच बारा वर्षं? शंका यायला जागा आहे, कारण बारा हा आपल्याकडचा गोष्टीतला आकडा आहे. पांडवांचा वनवास बारा वर्षांचा आणि मराठीत 'एक तप' म्हणजेच बारा वर्षं. शिवाय पर्जन्यमापकांच्या नोंदींमध्ये इतका लांब दुष्काळ कुठेच सापडत नाही. देशभरच्या पावसाची सलग, एकमेकांशी ताडून पाहता येईल अशी आकडेवारी १८७१ पासूनची आहे. त्यात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आहे आणि आजही ज्याच्या आठवणी सांगितल्या जातात तो १९७२ चाही आहे. पण हे सगळे दोन-तीन वर्षांत संपलेले दुष्काळ.

म्हणजे दोनच शक्यता उरतात. एकतर जुन्या लोकांनी वाढवून सांगितलं, किंवा आपण मोजमाप सुरू केलं तो काळच नशिबाने बरा निघाला. यातलं खरं काय, हे ठरवायला कागद पुरेसा नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ चुनखडकाच्या गुहांमध्ये उतरले.

थेंबाथेंबाने वाढणारा खांब

शाळेच्या भूगोलात 'भूजलाचे कार्य' शिकताना लवणस्तंभांची आकृती सगळ्यांनी काढलेली असते. छताला लोंबणारा अधोमुखी, जमिनीवरून वर वाढणारा ऊर्ध्वमुखी. हवामानाच्या अभ्यासाला जास्त उपयोगी पडतो तो दुसरा, कारण त्याचे थर एकावर एक सरळ रचलेले असतात.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. खालच्या चुनखडकातून जाताना ते चुना विरघळवून सोबत नेतं. हा थेंब गुहेच्या छतातून खाली पडला की त्यातला वायू गुहेच्या हवेत निसटतो आणि चुना कॅल्साइटच्या रूपाने खाली बसतो. एका थेंबाचा थर डोळ्यांना दिसणारही नाही. वर्षभरात खांब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून काही दशांशापर्यंत वाढतो. हातभर उंचीच्या खांबात म्हणूनच हजारो वर्षं मावू शकतात.

असा खांब प्रयोगशाळेत उभा कापतात. आतला छेद झाडाच्या खोडासारखा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. मग दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने तळापासून टोकापर्यंत ओळीने चिमूट-चिमूट भुकटी काढली जाते. खरं तर पावसाच्या प्रश्नापुरती चिमूटही जास्तच होईल, मिलिग्रॅमचा काही अंश पुरतो. या भुकटीला दोन प्रश्न विचारले जातात: तू केव्हाची? आणि तेव्हा पाऊस कसा होता?

वय कसं कळतं?

युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळपास विरघळत नाही. त्यामुळे थेंबासोबत गुहेत युरेनियम येतं, थोरियम मागे राहतं. नवा थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असतं आणि थोरियम जवळजवळ शून्य. त्यानंतर युरेनियम-२३४ ठरावीक गतीने किरणोत्सर्ग करत थोरियम-२३० मध्ये बदलत राहतं. आज थरात दोन्हींचं प्रमाण किती आहे ते मोजलं की घड्याळ केव्हा सुरू झालं ते कळतं. ही पद्धत सुमारे सहा लाख वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते आणि खडा स्वच्छ असेल तर गेल्या हजारेक वर्षांसाठी काही वर्षांच्या फरकाने तारीख देते. माती मिसळलेला खडा असेल तर मातीतलं थोरियमही मोजलं जातं आणि वय फसवं निघतं. असे नमुने बाजूला ठेवावे लागतात.

आणि पाऊस?

पाण्यातला ऑक्सिजन सगळा एकसारखा नसतो. बहुतेक अणू ऑक्सिजन-१६ असतात, पण दर पाचशेंमागे साधारण एक अणू ऑक्सिजन-१८ असतो, म्हणजे वजनाने जरा जड. ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात आणि उरलेली वाफ हलकी होत जाते. मान्सून जोरात असेल, ढग समुद्रापासून वाटेत भरपूर बरसत आले असतील, तर शेवटी पडणारा पाऊस 'हलका' असतो. मान्सून दुबळा असेल तर पावसात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. हे प्रमाण थेंबातून कॅल्साइटमध्ये उतरतं आणि तिथेच कायमचं बंदिस्त होतं.

इथे एक गफलत टाळायला हवी. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये 'गुहेने सांगितलं, अमुक साली इतके मिलिमीटर पाऊस पडला' असं वाचायला मिळतं. गुहा मिलिमीटर सांगत नाही. ती मान्सूनचा जोर सांगते, तोही ढग कुठून आले, वाटेत किती बरसले, या सगळ्याच्या सरमिसळीतून. झिरपणारं पाणी खडकात काही महिने किंवा वर्षं मुरत असेल तर लगतच्या वर्षांची खूणही एकमेकांत मिसळते. एखाद्या खांबाची वाढ मधेच थांबलेली असू शकते. म्हणूनच एकाच खांबावर विसंबत नाहीत. शेजारचा दुसरा खांब आणि दुसऱ्या गुहेतला तिसरा तीच गोष्ट सांगतात का, हे पाहिलं जातं.

दंडक गुहेची साक्ष

महाराष्ट्रात लेण्यांची कमतरता नाही, पण अजिंठा-वेरूळ माणसांनी छिन्नीने कोरलेली आहेत आणि तीही बेसॉल्टमध्ये. राज्याचा बहुतेक भाग याच काळ्या खडकाचा आहे. लवणस्तंभाला चुनखडक लागतो. त्यामुळे दख्खनच्या पावसाची साक्ष शोधायला पूर्वेकडे, बस्तरमध्ये जावं लागतं. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. हा मध्य भारतातला पट्टा मान्सूनच्या गाभ्याचा मानला जातो, म्हणजे इथे पाऊस कमी-जास्त झाला तर देशाच्या मोठ्या भागात तसंच घडण्याची शक्यता जास्त.

आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी या गुहेतल्या एका खांबावरून इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा आलेख काढला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर आलेख जड ऑक्सिजनकडे झुकतो आणि दशकानुदशकं तिथेच रेंगाळतो. दुर्गादेवीचा दुष्काळ याच कोरड्या कालखंडाच्या आगेमागे येतो. आधुनिक नोंदी मान्सूनचा चढ-उतार प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. साधारण याच शतकांमध्ये कंबोडियातलं अंगकोर उतरणीला लागलं. तिथल्या लांबलेल्या अवर्षणाचा पुरावा व्हिएतनाममधल्या झाडांच्या वलयांनी दिला आहे.

दुसरी साक्ष मेघालयातली. चेरापुंजीजवळ क्रेम मॉम्लूह ही सात किलोमीटरहून लांब गुहा आहे ('क्रेम' म्हणजे खासी भाषेत गुहा). गायत्री कठायत आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खांबावरून गेल्या हजार वर्षांचा मान्सून तपासला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षानुवर्षं चालणारे दुष्काळ या हजार वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले दिसले आणि त्यांच्या तारखा बखरी, प्रवासवर्णनं, दरबारी नोंदी यांतल्या दुष्काळांशी जुळल्या. त्यात १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळही येतो. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सुमारास पडलेला, तुकाराम महाराजांची पहिली पत्नी ज्यात दगावली असं सांगतात, तोच हा दुष्काळ. अर्थात त्या वेळी शाहजहानच्या फौजाही दख्खनमध्ये होत्या. पाऊस न पडणं एक आणि लोक उपाशी मरणं दुसरं, दोन्हींच्या मध्ये राज्यकर्ते, युद्धं आणि धान्याचे भाव असतात. गुहा त्यातली फक्त पहिली बाजू सांगते.

जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एका ठिकाणी देशाच्या दुष्काळाची नोंद कशी सापडेल, हा प्रश्न रास्त आहे. मध्य भारतात मान्सूनचा खंड पडतो तेव्हा चेरापुंजीत उलट धो-धो कोसळतो. पण तिथे किती पडला यापेक्षा पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन हलका की जड, हे बंगालच्या उपसागरावरून येताना वाफेचं काय झालं यावर ठरतं. त्यामुळे स्थानिक पाऊस मोजण्यासाठी हा खांब फारसा कामाचा नाही, मात्र मान्सूनची एकूण प्रकृती ओळखायला चांगला आहे.

एका गुहेच्या नावाचा कालखंड

याच मॉम्लूहमधल्या एका खांबामुळे मेघालयाचं नाव भूगर्भशास्त्राच्या कालगणनेत कायमचं गेलं. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून दुबळा झाल्याची खूण त्या खांबात दिसते. तिला आधार मानून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' हे नाव दिलं. सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडू लागली तो काळ याच्या आसपासचा, त्यामुळे 'दुष्काळाने हडप्पा बुडवलं' अशा बातम्या झाल्या. नंतर मॉम्लूहच्याच दुसऱ्या खांबांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा तो बदल इतका अचानक आणि एकसंध दिसला नाही. उत्तराखंडमधल्या धरमजली गुहेतल्या खांबानेही २०२३ मध्ये ४,२०० ते ३,९७० वर्षांपूर्वीच्या काळात एकामागून एक आलेले, दशकं टिकलेले दुष्काळ दाखवले, एकच तडाखा नव्हे. नगरं सोडून लोक लहान वस्त्यांकडे आणि पूर्वेकडे सरकले, ते काही पिढ्यांत.

धरणात किती पाणी येईल, कोणत्या जिल्ह्यात किती वर्षांनी टंचाई पडेल, हे सगळे हिशेब गेल्या दीडशे वर्षांच्या आकड्यांवर बेतलेले असतात. त्या आकड्यांमध्ये दशकभर रुसलेला मान्सून नाहीच, म्हणून तसा तो पुन्हा येऊ शकतो हे गृहीतच धरलं जात नाही. २०२२ च्या अभ्यासाने बोट ठेवलं ते नेमकं यावर: पाण्याच्या नियोजनाची धोरणं फेरतपासावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. दुष्काळावरचा आपला सर्वात मोठा अनुभव, रोजगार हमीसकट, काही वर्षांत पाऊस परत येईल या भरवशावर उभा आहे.

नमुना घेणं म्हणजे खांब तोडणं, म्हणून आता शक्यतो आधीच पडलेले, तुटलेले खांब वापरतात किंवा पेन्सिलीसारखी बारीक नळी आरपार काढून भोक बुजवतात. अडचण गुहेबाहेरची मोठी आहे. लवणस्तंभ ज्या चुनखडकात तयार होतात, तोच सिमेंटचा कच्चा माल आहे. मेघालयातल्या अनेक गुहा चुनखडीच्या खाणींच्या शेजारी आहेत आणि त्यांतल्या कित्येक गुहांमधल्या एकाही खांबाचं वय अजून कुणी मोजलेलं नाही.