प्रभाव मोजावा कशाने? रॉक संगीतातील एक वाद

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने रॉक संगीतावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कार्यालयात झाले. संगीताचे म्हणाल तर भजनी मंडळात पेटीची साथ करणे एवढीच आमची पात्रता, आणि तीही अर्ध्यावर सुटलेली. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो कार्यालयात चालून आला.

गेल्या पावसाळ्यात एका वाटाघाटीच्या आदल्या रात्री आठदहा तरुण सभासद कार्यालयात बसून होते. व्यवस्थापनाचा निरोप यायचा होता आणि तो येत नव्हता. वेळ जावा म्हणून त्यांच्यात वाद निघाला की, पुढच्या संगीतावर सर्वांत अधिक प्रभाव कोणत्या रॉक बँडने टाकला? फळ्यावर खडूने नावे पडू लागली. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, ब्लॅक सॅबथ. एकाने क्राफ्टवर्क हे जर्मन नाव लिहिले, त्याला बाकीचे हसले. आवाज चढले. शेवटी आम्ही मध्ये पडलो व म्हणालो, "बाबांनो, प्रभाव कशाला म्हणायचे ते आधी ठरवा, मग मतदान घ्या." ते काही ठरेना. तेव्हापासून आठ महिने आम्ही या प्रश्नाच्या मागे आहोत. आज जे सांगणार आहोत ते त्या रात्रीच्या मंडळींना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

पहिले माप खपाचे. ते लावले तर बीटल्सचे नाव लिहून घरी जाता येते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात लिव्हरपूलची ही चार पोरे अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आली, ती सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. परंतु खप म्हणजे लोकप्रियता. प्रभाव ही गोष्ट निराळी. बीटल्सचा खरा प्रभाव आमच्या मते कामाच्या पद्धतीत आहे. त्यांच्या आधी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गाणे लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा, गाणारा तिसरा, अशी कारखान्यासारखी श्रमविभागणी सर्रास होती. आपली गाणी आपण लिहिणारे चक बेरी, बडी हॉली यांच्यासारखे लोक होते, नाही असे नाही. पण बँडने आपले गाणे आपणच रचावे हा रिवाज पडला तो बीटल्समुळे. दुसरी गोष्ट, ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी तिकिटाचे जाहीर कार्यक्रम बंद केले आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीलाच वाद्य बनवले. १९६७ सालची त्यांची 'सार्जंट पेपर' ही प्रसिद्ध तबकडी चार पट्ट्यांच्या यंत्रावर, एकावर एक थर चढवीत तयार झाली. मंचावर जसेच्या तसे वाजवता येणार नाही असे संगीत मुद्दाम तयार करावे, ही कल्पना तेथून घरोघर गेली.

आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया ही माणसे त्यांत होती. तेव्हा प्रभावाची गाडी एकाच दिशेने धावते असे समजण्याचे कारण नाही.

आता याच्या उलट टोक पाहा. न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडची पहिली तबकडी १९६७ मध्ये निघाली आणि फारशी खपलीच नाही. पण ज्या थोड्यांनी ती घेतली त्यांतल्या प्रत्येकाने पुढे आपला बँड काढला, अशा अर्थाचे ब्रायन ईनो या संगीतकाराचे बोलणे फार प्रसिद्ध आहे. गेटवरच्या सभेतल्या भाषणात असते तेवढी अतिशयोक्ती त्यात धरावी. तरी मुद्दा खरा आहे. शिवाय या बँडचा एक धागा संगीताच्या बाहेर गेला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले नाटककार व्हाक्लाव्ह हावेल परतताना त्यांची एक तबकडी प्रागला घेऊन आले. त्याच वर्षी, सोव्हिएत रणगाडे शिरल्यानंतर, तेथे प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स नावाचा बँड उभा राहिला. तो व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचीही गाणी वाजवी. १९७६ मध्ये त्यातल्या माणसांना पकडून खटला भरला, त्या खटल्याच्या निषेधातून जानेवारी १९७७ ची 'चार्टर ७७' ही मानवी हक्कांची सनद निघाली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. चेकोस्लोव्हाकियातील क्रांती गिटारीने झाली असे आम्ही म्हणणार नाही. चळवळीतल्या माणसाने असले सोपे कार्यकारणभाव मांडू नयेत. पण माणसे एकत्र यायला निमित्त लागते आणि ते कोठून येईल याचा नेम नसतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

आमचे मत मात्र तिसऱ्याच ठिकाणी पडते, आणि ते आम्ही लपवीत नाही. ते बर्मिंगहॅमच्या ॲस्टन वस्तीत पडते.

बर्मिंगहॅम म्हणजे ओतकामाचे, पत्राकामाचे, मोटारींच्या सुट्या भागांचे शहर. तेथे १९६८ मध्ये चार कामगारांची पोरे एकत्र आली. गाणारा ऑझी ऑस्बोर्न कत्तलखान्यात राबला होता, मोटारीच्या भोंग्यांचा सूर लावण्याच्या कामावर होता. ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड कोळसा पोहोचवी. बास वाजवणारा गीझर बटलर हिशेबनीस होण्याच्या वाटेवर होता. आणि गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करी.

या आयोमीची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. १९६५ साल, वय १७. एका बँडबरोबर परदेशी जायचे ठरले होते आणि कारखान्यातला तो शेवटचा दिवस होता. दुपारी तो जेवायला घरी आला आणि परत जात नाही म्हणाला. हातातले काम नीट पुरे करून ये, असे सांगून आईने त्याला परत पाठवले. त्या दिवशी प्रेसवरचे माणूस आले नव्हते, म्हणून याला बदलीवर प्रेसवर उभे केले. ते यंत्र त्याच्या सवयीचे नव्हते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक गेले. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच.

सभागृहात प्रेसवर काम केलेले कोणी असेल तर त्याला पुढचे सांगायला नको. आमच्याकडच्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले होते, त्यात मधल्या बोटाचे नुसते टोक गेले व हाड राहिले तर कमाईच्या शक्तीत ४ टक्के तूट, आणि अनामिकेचे गेले तर २ टक्के, असा हिशेब दिलेला होता. दोन्ही मिळून ६ टक्के. गिटारवाल्याची तूट किती, हे कोणत्याही परिशिष्टात लिहिलेले नव्हते.

आयोमीला डॉक्टरांनी वाजवणे सोडायला सांगितले. तेव्हा त्याच्या फोरमनने त्याला एक तबकडी ऐकवली आणि मग सांगितले की, हा वाजवणारा दोनच बोटांनी वाजवतो. तो जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. मग आयोमीने कारागिराचे डोके चालवले. भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, ती घासून बसवली, त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या हलक्या तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या तबकडीत गिटारीचा सूरच तीन अर्धस्वर खाली आणला, म्हणजे तारा सैल होऊन दाबायला सोप्या जातात. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर सर्वांत खालची तार पांढरी तीनमध्ये असते, ती काळी एकमध्ये आली. त्याने आवाज जड झाला, खोल झाला, जमिनीतून आल्यासारखा. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचे अंग हे असे घडलेले आहे.

बँडच्या नावाचेच जे गाणे आहे, 'ब्लॅक सॅबथ', त्याची मूळ सुरावट तीनच सुरांची: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला शतकानुशतके कर्कश मानून टाळत आले, सैतानाचे नाव त्याला चिकटले. आपल्याकडे यमन शिकणारी दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी तो मध्यम निर्धास्त लावते! असो. पहिली तबकडी १९६९ च्या ऑक्टोबरात जवळजवळ एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडली. बहुतेक समीक्षकांनी नाके मुरडली. लोकांनी ती घेतली, आणि त्याच वर्षी आलेली दुसरी तबकडी, 'पॅरानॉइड', ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक शेवटी म्हणतात की, अपघात झाला म्हणून हे संगीत झाले. आम्हांला हे मुळीच मान्य नाही. आमचेही उजव्या हाताचे मधले बोट एकोणिसाव्या वर्षी एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेले, टोकापासून एका पेरापर्यंत. प्रेसला गार्ड नव्हता. उत्पादन कमी होते म्हणून काढून ठेवला होता. मालकाने पट्टी बांधून आठवड्याचा पगार दिला आणि कागदावर सही घेतली. त्यानंतर आम्ही भजनी मंडळात पेटीला हात लावला नाही. चार बोटांनी पेटी वाजते, चांगली वाजते, हे आज कळते; तेव्हा सांगणारे कोणी भेटले नाही. प्रेस चाली बांधत नाही. प्रेसखाली बोटे गेलेली माणसे आम्ही तीस वर्षांत शेकड्यांनी पाहिली, त्यांची प्रकरणे चालवली. आयोमीला एक फोरमन भेटला, आणि त्याचा हट्ट दांडगा होता, एवढेच निराळे.

ब्लॅक सॅबथच्या बाजूने आमचा मुख्य मुद्दा असा. फळ्यावरचे एकेक नाव पुसून पाहावे आणि मागे काय कोसळते ते बघावे. रोलिंग स्टोन्स पुसले तर ब्ल्यूज वाजवणारे दुसरे ब्रिटिश बँड होतेच. बीटल्स पुसले तर पुष्कळ पडेल, पण बरेचसे दुसऱ्या कोणी उशिराने का होईना उभे केले असते. ब्लॅक सॅबथ पुसले तर लॉस एंजेलिसमध्ये १९८१ साली निघालेल्या मेटालिकापासून पुढची सारी पिढीच निराधार होते. हे त्या पिढीने स्वतःच कबूल केले आहे. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजवायला आले, तेव्हा त्यांच्या आधी मेटालिका, गन्स एन रोझेस अशा मंडळींनी हजेरी लावली. ऑस्बोर्नला उभे राहवत नव्हते, तो बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो वारला.

क्राफ्टवर्क लिहिणाऱ्या पोराला लोक हसले, ते चुकले. ड्युसेलडॉर्फच्या या मंडळींनी गिटार सोडून यंत्रांचे सूर घेतले. त्यांच्या १९७७ च्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची सुरावट आफ्रिका बंबाटाने १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'प्लॅनेट रॉक'साठी घेतली, आणि मोटारींच्या डेट्रॉइट शहरातील ह्वान ॲटकिन्स प्रभृती काळ्या तरुणांनी त्यातून टेक्नो घडवले. रॉकच्या बाहेरचा प्रभाव मोजायचा तर क्राफ्टवर्कला पहिला मान द्यावा लागेल, असे आम्ही त्या पोराला मागाहून सांगितले.

पण प्रभाव म्हटला की देणे आले. रॉकचे भांडवल मुळात कोणाचे? मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरून १९४३ मध्ये शिकागोला आला, दिवसा कागद गिरणीत काम केले, रात्री वाजवले. त्याच्या गाण्यावरून रोलिंग स्टोन्सनी आपले नाव घेतले. त्याने १९६२ मध्ये गायलेले विली डिक्सनचे एक गाणे लेड झेपलिनच्या १९६९ च्या गाजलेल्या गाण्यात उतरले आणि डिक्सनचे नाव कोठेच नव्हते. त्याने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, नाव लागले. डिक्सनने जुन्या ब्ल्यूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून ब्ल्यूज हेवन ही संस्था काढली. आम्हांला हा माणूस आपल्यातला वाटतो.

डिक्सनला निदान न्यायालय तरी मिळाले. वॉशिंग्टनच्या विन्स्टन्स या बँडने १९६९ मध्ये एका तबकडीच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची रचना घातली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवाल्याचा एकट्याचा सात सेकंदांचा तुकडा आहे. तो तुकडा पुढे यंत्राने उचलून हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडातील जंगल, ड्रम अँड बेस हे प्रकार त्याच्यावरच उभे आहेत. कोलमनला त्याबद्दल एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत गेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले, तीही मेहेरबानीच. हक्क म्हणून नव्हे.

त्या रात्री फळ्यावर विन्स्टन्सचे नाव कोणी लिहिले नव्हते. आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते. व्यवस्थापनाचा निरोप पहाटे आला, वाटाघाट झाली, मंडळी कामावर गेली. फळा मात्र तसाच राहिला होता. मागच्या महिन्यात आम्ही त्याच्या तळाशी, उरलेल्या जागेत, कोलमनचे नाव लिहिले आणि पुढे सात सेकंद असा आकडा घातला. येणारी मुले विचारतात, हा कोण. मग आम्ही त्यांना तो तुकडा ऐकवतो.