गंजगोलाई ते महापालिका : वाढत्या लातूरची वाटचाल

लातूर - नांदेडला गोदावरीचा काठ आणि सचखंड हुजूर साहिबचे पावित्र्य लाभले आहे. छत्रपती संभाजीनगरला मोगलकालीन वैभवाचा वारसा आहे. लातूरकडे ना मोठी नदी, ना देशभरातून भाविक यावेत असे तीर्थक्षेत्र. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे गाव तरीही मराठवाड्यातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरांपैकी एक ठरले. १९८१ च्या जनगणनेत एक लाखाच्या थोडी वर असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये दोन लाखांच्या घरात, २००१ मध्ये तीन लाखांच्या जवळ आणि २०११ मध्ये पावणेचार लाखांच्या पुढे गेली. अवघ्या तीस वर्षांत शहर तिपटीहून मोठे झाले. या वाढीला बाजारपेठ, रेल्वे आणि शिक्षण कारणीभूत ठरले. तिची मर्यादा मात्र पाण्याने दाखवून दिली.

राष्ट्रकूटांचे लत्तलूर

लातूरचा इतिहास किमान बाराशे वर्षे मागे जातो. दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट राजांनी आपल्या शिलालेखांत 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणजे 'लत्तलूर या श्रेष्ठ नगरीचे अधिपती' असे बिरुद अभिमानाने मिरविले आहे. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड येथे होती; परंतु मूळ गाव म्हणून ते लत्तलूरचेच नाव घेत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर-रत्नेश्वर असून महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. 'रत्नापूर' हे शहराचे जुने नावही सांगितले जाते. जवळच औसा आणि उदगीर येथे भुईकोट किल्ले आहेत. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तो याच उदगीरच्या परिसरात.

पुढे हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. १९०५ मध्ये आसपासचा भाग जोडून लातूर तालुका अस्तित्वात आला आणि त्याचा समावेश तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात झाला.

सोळा रस्त्यांची बाजारपेठ

आधुनिक लातूरची सुरुवात रेल्वेपासून झाली. कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी 'बार्शी लाइट रेल्वे' ही अरुंद मापाची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. कुर्डुवाडीला ती मुंबई-मद्रास मार्गाला जोडली गेलेली होती. त्यामुळे परिसरातील धान्य, कापूस आणि गळिताचा माल थेट मोठ्या बाजारात जाऊ लागला. रेल्वेपाठोपाठ व्यापारी, अडते, हमाल आले आणि गावाचे गंज झाले.

या व्यापाराला आकार दिला तो गंजगोलाईने. १९१७ च्या सुमारास नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा तयार केला. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती वर्तुळाकार दुमजली बाजार आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते अशी तिची रचना आहे. सराफा, कापड, भुसार, गूळ, मिरची अशा प्रत्येक मालाची स्वतंत्र ओळ असल्याने खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला माल विकणे आणि घरचा बाजार करणे एकाच फेरीत साधत असे. लातूरची कृषी उत्पन्न बाजार समिती आजही तूर, हरभरा आणि सोयाबीनच्या राज्यातील प्रमुख बाजारपेठांत गणली जाते. येथील सौद्यात निघालेल्या दराकडे दूरवरच्या शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे लक्ष असते. डाळ गिरण्या आणि तेल उद्योगही याच बाजाराच्या आधाराने उभे राहिले.

जिल्हा, नेतृत्व आणि भूकंप

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूरचा स्वतंत्र जिल्हा व्हायला मात्र ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला. जिल्हा झाल्यावर शासकीय कार्यालये आली, नोकरदार आले आणि औसा रस्ता, अंबाजोगाई रस्ता, बार्शी रस्ता अशा सर्व दिशांना नव्या वसाहती पसरल्या.

या काळात जिल्ह्याला राजकीय नेतृत्वही भक्कम लाभले. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे दोन मुख्यमंत्री याच जिल्ह्यातील. लातूरचे नगराध्यक्षपद भूषविलेले शिवराज पाटील चाकूरकर पुढे लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झाले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूरचे नाव जगभर पोहोचले, पण ते दुःखद कारणाने. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक गाढ झोपेत असताना दगडमातीची घरे कोसळली आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. मदत आणि पुनर्वसनाच्या कामाचे लातूर हे महत्त्वाचे केंद्र बनले.

'लातूर पॅटर्न'

दयानंद महाविद्यालय (१९६१) आणि राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) या संस्थांनी शहराच्या वाढीला नवे वळण दिले. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात आकाराला आलेली अध्यापन पद्धती 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजली. तिच्यात गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करणे, जादा तास घेणे, प्रश्नपत्रिकांचा वारंवार सराव करून घेणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुका तपासून त्याला पुन्हा लिहायला लावणे, एवढेच तिचे सूत्र. गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली, तसे राज्याच्या कानाकोपऱ्यातून पालक मुलांना घेऊन येथे येऊ लागले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी, पुस्तकांची दुकाने असे एक नवे अर्थकारण उभे राहिले. पाठांतर आणि गुणांवरच भर दिल्याची टीकाही या पॅटर्नवर झाली. परंतु ग्रामीण भागातील असंख्य मुलांना वैद्यकीय शिक्षणाचे दार त्याने उघडून दिले, हे नाकारता येत नाही.

वाढत्या शहराची दखल घेऊन ऑक्टोबर २०११ मध्ये लातूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

पाणी घेऊन आलेली गाडी

महापालिका झाली, पण पाण्याचा प्रश्न सुटला नाही. लातूरची तहान भागते ती प्रामुख्याने मांजरा प्रकल्पावर. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे असलेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर आहे. या एकाच धरणावर लातूर शहर, औद्योगिक वसाहत, आसपासच्या गावांच्या नळयोजना आणि सिंचन अवलंबून आहे. पाण्याची मोठी गरज असलेला ऊसही याच खोऱ्यात वाढला. सलग दुष्काळामुळे धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे पडले. टँकर भरण्याच्या ठिकाणी आणि जलकुंभांभोवती होणारी भांडणे टाळण्यासाठी प्रशासनाला मार्चमध्ये जमावबंदी लागू करावी लागली. अनेक विद्यार्थी आपापल्या गावी परतले.

अखेर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीने एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास बहुतांशी जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच वाटेने होता. ज्या मार्गाने एकेकाळी लातूरचा माल बाहेर गेला, त्याच मार्गाने शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले आणि गाडीची गरज संपली.

पुढे काय?

लातूरची वाढ त्यानंतरही थांबलेली नाही. रेल्वे डबे तयार करणाऱ्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. शिकवण्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओघही कायम आहे. मात्र शहराचा मुख्य आधार आजही तेच एक धरण आहे. उजनीचे पाणी लातूरला आणण्याची मागणी जुनी आहे. मात्र दूरच्या धरणातून पाणी आणण्याबरोबरच गळती रोखणे, छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि खोऱ्यातील पीकपद्धतीत बदल या गोष्टी शहराच्या आणि जिल्ह्याच्या हातातील आहेत. धरण भरलेल्या वर्षांत त्यांचा विसर पडतो. बाजार, रेल्वे आणि शिक्षण यांच्या बळावर मोठ्या झालेल्या लातूरला पुढची वाढ पेलायची असेल, तर पाण्याचे नियोजन पाऊस चांगला झालेल्या वर्षीच करावे लागेल.