नव्या पिढीची श्रद्धा आणि तिचे मोल



‘हल्लीच्या मुलांना देवाधर्माचे काही राहिले नाही,’ हे उद्गार आपल्या घरांतून इतक्या वेळा निघतात की, ते खरे की खोटे याचा विचार करण्यास कोणी थांबत नाही. कल्याणजवळ उल्हास नदीच्या आश्रयाने वसलेले मोहने घ्या. नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे तेथे दूरदूरची कुटुंबे येऊन स्थिरावली. पुढे २००९ साली कारखाना बंद पडला, तरी वस्ती राहिली. त्या परिसरातील तरुण अंगारकीला टिटवाळ्याच्या गणपतीस जातात आणि आषाढी एकादशीस शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनासाठी रांगेत उभे राहतात. तथापि वडील मंडळींचे समाधान होत नाही. मुलगा रांगेत उभा राहतो खरा, पण घरातले आचार पाळीत नाही आणि प्रत्येक गोष्टीस ‘का?’ म्हणून विचारतो, ही त्यांची तक्रार असते.

ही तक्रार आजची नव्हे. तिला महाराष्ट्रात निदान पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे ‘का?’ या प्रश्नाची योग्यता कळून येते.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष होते. इंग्रजी विद्येचा नवा प्रकाश लाभलेले तरुण तीत जमू लागले. ईश्वर एक आहे आणि मनुष्यमात्राची जात एक आहे, हे त्यांचे मत होते. सभेत येणाऱ्यास पावाचा तुकडा खाऊन जातिबंधन झुगारल्याची साक्ष द्यावी लागे. त्या काळी पाव खाणे म्हणजे धर्म बुडविणेच होते. परंतु हे सारे बंद दाराआड चाले. आत जात मोडणारा तरुण बाहेर आला की, पुन्हा घरच्या पंक्तीस जातीचा होऊन बसे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि भीतीने सभाच मोडली. त्या तरुणांच्या विचारात खोट नव्हती. उणीव होती ती विचाराची किंमत चव्हाट्यावर मोजण्याच्या तयारीची.

तरी बीज मेले नव्हते. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचेच बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि तो उघडपणे झाला. बंगालचे ब्राह्म नेते केशवचंद्र सेन यांच्या मुंबईतील व्याख्यानांनी या मंडळींस चालना मिळाली होती. थोड्याच काळात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे समाजात आले. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीतले हे दोघे. इंग्रजी शिक्षणाने मुलगा नास्तिक होतो, असा त्या वेळी बोलबाला होता. या पदवीधरांनी मात्र तुकोबांचे अभंग हाती घेऊन उपासना चालविली. त्यांनी देव टाकला नाही, देवाच्या नावावर चालणारे भेद तेवढे नाकारले.

तथापि त्यांच्याही निष्ठेची परीक्षा झालीच. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने आता विधवेशी विवाह करावा, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण झाले आणि त्यात १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. रानड्यांची थोरवी याने उणी होत नाही. त्याच रमाबाईंना त्यांनी शिकविले, आणि पुढे त्या सेवासदनासारख्या संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या. परंतु घरच्या माणसांची मने आणि आपली निष्ठा यांच्यात निवड करण्याची पाळी आली म्हणजे थोरांचेही पाय कसे अडखळतात, ते येथे दिसते. तरुणांना बोल लावताना वडिलांनी हे विसरू नये.

पुढची पायरी विठ्ठल रामजी शिंदे यांनी चढली. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत येऊन ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. केवळ उपासनेने मात्र त्यांचे समाधान झाले नाही. सर्वांचा पिता एक म्हणावयाचे आणि त्याच्या लेकरांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवावयाचे, ही विसंगती त्यांना सहन होईना. १९०६ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढले आणि त्यात भगिनी जनाक्का यांनीही स्वतःस वाहून घेतले. प्रार्थनामंदिरातील श्रद्धा अशी वस्तीतील शाळेपर्यंत पोहोचली.

मग १९४७ साल आले. चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या जातिबांधवांना आत जाण्याचा अधिकार शतकानुशतके नव्हता. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले, आणि १ मेपासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावर ते सुटले. गुरुजी स्वतः परमभाविक होते. पण दर्शन आपणास मिळते एवढ्याने त्यांची भक्ती तृप्त झाली नाही.

आज शहाडच्या विठ्ठलापुढे रांगेत उभ्या असलेल्या मोहन्याच्या मुलास कोणी जात विचारीत नाही. हा मोकळेपणा त्याला फुकट मिळाला असला, तरी तो फुकट आलेला नाही. परमहंसवाल्यांचे भय, रानड्यांची घालमेल, शिंद्यांचे कष्ट आणि गुरुजींचा उपवास, एवढे मोल त्यामागे पडले आहे. ते मोल नव्या पिढीला सांगणे, हे आपणा वडिलांचे काम आहे. आणि तिला प्रश्न विचारावयाचाच झाला तर ‘तू पूजा करतोस का?’ हा विचारू नये; ‘ज्यावर तुझी श्रद्धा आहे, त्यासाठी तू काय सोसावयास तयार आहेस?’ हा विचारावा. २०१६ साली शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला, तोही कोणीतरी ‘का?’ म्हणून विचारले आणि रोष पत्करला म्हणूनच. तेव्हा ज्या घरात मुले असा प्रश्न विचारतात, तेथे धर्म बुडाला असे समजण्याचे कारण नाही. तो पुढे चालण्यासाठी वडिलांच्या सोबतीची वाट पाहत आहे, इतकेच समजावे.